एका मनोऱ्याचे महामंदिर

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील भाविकांना घेऊन मी जुन्या गोव्याच्या यात्रेला गेलो होतो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेऊन आम्ही रस्ता ओलांडला आणि ‘से’ कॅथेड्रलच्या प्रांगणात आलो. आमच्यातील एका मुलाने वर पाहत विचारले, “फादर, ह्या चर्चला एकच मनोरा कसा?” मी नेहमीचे उत्तर दिले : उजव्या हाताचा मनोरा १७७६ साली कोसळला, वीज पडून कोसळला असे सांगतात, तो पुन्हा बांधला गेला नाही. उत्तर खरे होते. पण ते पुरेसे नव्हते, हे परतीच्या प्रवासात माझे मलाच जाणवू लागले.

पोर्तुगीज भाषेत ‘से’ म्हणजे आसन. ज्या मंदिरात महागुरूंचे आसन असते आणि जेथून ते आपल्या प्रजेला शिकवण देतात, ते कॅथेड्रल. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द अल्बुकर्क याने गोवा जिंकले. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा सण होता, म्हणून येथील पहिले साधेसे चर्च तिच्या नावे उभे राहिले. १५३४ साली गोवा धर्मप्रांत स्थापन झाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंतचा मुलूख त्याच्या अधिकाराखाली होता, आणि त्यात आपली वसईही होती. एवढ्या मोठ्या धर्मप्रांताला जुने चर्च अपुरे पडू लागले. राजा दों सेबास्तियांव याच्या कारकिर्दीत, १५६२ साली, आजच्या वास्तूचे काम सुरू झाले. राजाची मालमत्ता विकून आलेला पैसा त्यासाठी वापरण्यात आला. इमारत १६१९ साली पुरी झाली; वेदींचे काम १६५२ पर्यंत चालले.

वास्तू भव्य आहे. लांबी सुमारे २५० फूट, रुंदी १८१ फूट, दर्शनी भागाची उंची ११६ फूट. भिंती ह्याच भूमीतल्या जांभ्या दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा. बाहेरची शैली टस्कन, म्हणजे साधी व भारदस्त. आतील खांबांची कोरिंथियन, म्हणजे नक्षीदार. बाहेरून इमारत आयताकृती दिसते. आत गेल्यावर तिच्या रचनेतला क्रूस ध्यानात येतो. मधल्या दालनावर कमानदार उंच छत आहे. दोन्ही बाजूंना चार-चार उपमंदिरे आहेत. मुख्य वेदीमागे सोन्याचा मुलामा दिलेले उत्तुंग लाकडी कोरीव काम आहे व त्यात संत कॅथरिनच्या जीवनातील आणि रक्तसाक्षित्वातील प्रसंग कोरलेले आहेत. परंपरा सांगते की, ह्या तरुणीने सम्राटाच्या पंडितांना वादात निरुत्तर केले. सम्राटापाशी उत्तर उरले नाही, तेव्हा त्याने तलवार वापरली.

उरलेल्या मनोऱ्यात ‘सोनेरी घंटा’ म्हणून विख्यात असलेली मोठी घंटा आहे. ती १६५२ साली कुंकळ्ळीत ओतली गेली. ह्या गावाचे नाव ऐकताच इतिहासाच्या वाचकाचे मन थबकते. साष्टीतील देवळे पाडली गेली होती आणि कुंकळ्ळीकरांच्या मनात संताप धुमसत होता. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहण्यास गेलेल्या रुदोल्फ आक्वाविवा व त्यांच्या चार येशूसंघीय सोबत्यांना तेथे ठार मारण्यात आले. त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचीही हत्या करण्यात आली. त्या पाचांना ख्रिस्तसभेने १८९३ साली धन्यवादित घोषित केले. विश्वासघाताने मारल्या गेलेल्या पुढाऱ्यांचे स्मारक उभे राहण्यास मात्र २००३ साल उजाडावे लागले.

त्याच गावात ओतलेल्या घंटेने दोन प्रकारची कामे केली. तिने भाविकांना मिस्साबलीसाठी बोलावले, आणि धर्मन्यायालयाचे, म्हणजे इन्क्विझिशनचे, निवाडे जाहीर होण्याच्या दिवशीही ती वाजली. हे न्यायालय गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधला अल्प काळ वगळता, चालले. त्याचा वाडा कॅथेड्रलच्या शेजारीच होता; आज त्याचा मागमूसही नाही. शार्ल देलों ह्या फ्रेंच वैद्याला १६७६ साली अशाच एका दिवशी शिक्षा सुनावण्यात आली. त्या पहाटे कॅथेड्रलची मोठी घंटा वाजू लागल्याचे त्याने पुढे आपल्या ग्रंथात लिहिले. सत्तेपुढे जिने आपली श्रद्धा वाकवली नाही, तिच्याच नावाच्या मंदिरातून श्रद्धेपायी माणसांना शिक्षा देण्याची हाक उठावी, यापरता विरोधाभास कोणता?

तथापि त्याच काळात दुसराही एक आवाज उमटला. इंग्लंडहून १५७९ साली आलेले फादर थॉमस स्टीफन्स साष्टीतच सेवा करीत होते. कुंकळ्ळीच्या हत्याकांडानंतर आपल्या सोबत्यांचे देह ताब्यात घेऊन त्यांना मूठमाती देण्याचे काम त्यांच्यावर आले. तो प्रसंग पाहिलेल्या माणसाच्या मनात कडवटपणा साचला असता, तर नवल नव्हते. ते मात्र येथील माणसांच्या भाषेकडे वळले. १६१६ साली रायतूर येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले : सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्या मराठीत. १६१९ साली स्टीफन्स निवर्तले. कॅथेड्रलची इमारत पुरी झाली ती त्याच वर्षी. जांभ्या दगडाचे मंदिर व ओव्यांचे मंदिर अशी दोन्ही कामे एकाच काळात, एकाच भूमीत चालली होती. शिकवणीचे आसन म्हणजे काय, ह्याचे उत्तर मला त्यांपैकी दुसऱ्यात अधिक स्पष्ट दिसते.

पुढे रोगराईने ते शहर ओस पडले आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. कॅथेड्रल टिकले, पण एकाच मनोऱ्यानिशी. विजेत ईश्वरी कोप शोधणे मला पटत नाही. पण तो मनोरा परत बांधला गेला नाही, हे मला बरे वाटते. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, सत्याची सेवा करताना ख्रिस्ती लोकांनी अवलंबलेल्या असहिष्णुतेबद्दल, जाहीरपणे क्षमायाचना केली. ज्या घराण्याला आपली चूक उच्चारता येते, त्याला आपल्या वास्तूतील उणीव झाकावी लागत नाही.

तो मुलगा आता मोठा झाला असेल. पुन्हा भेटला तर त्याला सांगेन : बाळा, मनोरा कसा पडला ते तुला सांगितले होते, उरलेल्या मनोऱ्यातली घंटा कशाकशासाठी वाजली, ते सांगायचे राहून गेले. ते ऐक, आणि मगच आत जाऊन गुडघे टेक.