मराठी ख्रिस्ती उपासनागायन (अहिल्यानगर)

मराठी ख्रिस्ती उपासनागायन ही प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात १९व्या शतकात विकसित झालेली कंठसंगीताची परंपरा आहे. तिच्या जडणघडणीत अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. युरोपीय स्तोत्रगायन आणि महाराष्ट्रातील अभंग, ओवी व कीर्तन असे दोन प्रवाह तिच्यात शेजारी नांदतात.

पार्श्वभूमी

प्रबोधनकाळातील युरोपीय चर्चसंगीत मुख्यतः बहुस्वरी होते. त्यात अनेक स्वतंत्र आवाज एकमेकांचे अनुकरण करीत एकाच वेळी गात. पालेस्त्रिना (मृत्यू १५९४) हा या शैलीचा प्रमुख रचनाकार मानला जातो. धर्मसुधारणेच्या चळवळीने मात्र सर्व मंडळीला गाता येतील अशा सोप्या चाली रूढ केल्या. १५५१च्या जिनिव्हा स्तोत्रसंग्रहातील 'ओल्ड हंड्रेड्थ' ही त्यांपैकी प्रसिद्ध चाल होय. अशा चाली पुढे चार आवाजांत एकाच लयीने गाइल्या जाऊ लागल्या.

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ मध्ये सुरू झाले. मिशनऱ्यांबरोबर हे स्तोत्रगायनही तेथे आले.

भाषा व चाल

इंग्रजी स्तोत्रांची रचना आघातावर, तर मराठी वृत्ते व जाती लघु-गुरू मात्रांवर आधारलेल्या असतात. त्यामुळे परकीय चालीवर बसवलेल्या भाषांतरात ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागे किंवा दीर्घ अक्षर आखडे. परिणामी उच्चार कृत्रिम होई आणि अर्थ श्रोत्यांपर्यंत नीट पोहोचत नसे. भजनाची सवय असलेल्या ग्रामीण श्रोत्यांना ही अडचण विशेष जाणवे.

ख्रिस्ती कीर्तन

१८६०च्या दशकात अहमदनगर येथे ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात झाली. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्याचे आद्य प्रवर्तक मानले जातात. हरिकीर्तनाचे निरूपण, आख्यान आणि मधूनमधून येणारी पदे हा घाट कायम ठेवून त्यात बायबलमधील कथा गुंफल्या गेल्या. साकी, दिंडी, आर्या यांसारख्या रचनांना टाळ-मृदंगाची साथ असे.

टिळकांचे कार्य

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अहमदनगर ही त्यांची दीर्घकाळ कर्मभूमी होती. ख्रिस्ती होण्यासाठी मराठी संतपरंपरेपासून तुटण्याची गरज नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी उपासनेसाठी अभंग व भजने रचली. 'अभंगांजली' हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा व चौथ्यात चार अक्षरे असून दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक साधते. हा बंध लवचीक असल्याने तो टाळाच्या ठेक्यावर समूहाला सहज गाता येतो. त्यांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी पुढे नेले.

वैशिष्ट्ये

चार आवाजी स्तोत्रात एकाच वेळी उमटणाऱ्या स्वरांच्या मेळाला महत्त्व असते. अभंगात एकच स्वरावली असून अग्रणी ओळ म्हणतो व समूह ध्रुपद उचलतो. मराठी चर्चमधील उपासनेत आजही दोन्ही प्रकार गाइले जातात. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात भाषांतरित स्तोत्रांबरोबर मराठी कवींच्या स्वतंत्र रचनाही आढळतात.