घरच्या संगणकावर लिनक्स रुजेल काय?

संगणकाची यंत्रसामग्री आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यात दुवा साधणाऱ्या मूलभूत सॉफ्टवेअरला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. त्यांतील सर्वाधिक परिचित ‘विंडोज’ ही मायक्रोसॉफ्टची मालमत्ता असून तिची मूळ आज्ञावली बाहेरच्यांना खुली नाही. मुक्तस्रोत प्रणालींचे तत्त्व नेमके उलट आहे. त्यांची आज्ञावली कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेला ‘ग्नू’ प्रकल्प आणि फिनलंडमधील विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिहिलेला ‘लिनक्स’चा गाभा, या दोहोंच्या मिलाफातून ही चळवळ उभी राहिली.

इंटरनेटवरील असंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा असतो. टेबलावरच्या संगणकावर मात्र चित्र वेगळे आहे. स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार डेस्कटॉपवरील लिनक्सचा जागतिक हिस्सा फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रथमच चार टक्क्यांपलीकडे गेला. फुकट मिळणारी वस्तू लोक घेत का नाहीत, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

अडचण कोठे आहे?

बारामती एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत या प्रश्नाचे उत्तर सापडते. पियाजिओ, भारत फोर्ज अशा मोठ्या कारखान्यांच्या परिसरात लहान वर्कशॉप, वाहतूकदार आणि व्यापारी यांचीही कार्यालये असतात. अशा कार्यालयात हिशेब ‘टॅली’वर आणि आराखडे ‘ऑटोकॅड’वर होत असतील, तर गाडी तेथेच अडते, ही दोन्ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी तयार केली जात नाहीत. करविवरणासाठीची काही सरकारी साधनेही विंडोज आणि एक्सेल गृहीत धरून बनवली गेली. प्रणाली फुकट मिळाली, तरी तिच्यावर रोजचे काम होत नसेल तर ती महागच पडते.

दुसरी अडचण भाषेची. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखन करणारे छपाई व डीटीपी व्यवसाय वर्षानुवर्षे विंडोजशी बांधले गेले. युनिकोडने ही गाठ बरीच सैल केली. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेले ‘लोहित’ फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कळफलक यांमुळे लिनक्सवर मराठी लिहिणे आता अवघड राहिलेले नाही. तथापि, जुन्या फॉन्टमधील साठलेला मजकूर रूपांतरित करण्याचे कष्ट चुकत नाहीत.

तिसरी अडचण सवयीची. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘एमएस-सीआयटी’ने राज्यातील लक्षावधी लोकांना संगणकसाक्षर केले, पण त्यांतील बहुतेकांनी संगणक शिकला तो विंडोज आणि ऑफिसच्या रूपात. पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत लिनक्स शिकवले जाते, पण विद्यार्थी नोकरीस लागला की कार्यालयात पुन्हा विंडोजच समोर येते.

जेथे जमले, जेथे बिनसले

न्यायालयांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ‘ई-कोर्ट्स’ प्रकल्पात न्यायाधीशांच्या लॅपटॉपसाठी आणि न्यायालयीन संगणकांसाठी ‘उबुंटू’ ही लिनक्स प्रणाली निवडण्यात आली. खटल्यांच्या नोंदी ठेवणारे ‘सीआयएस’ सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने मुक्तस्रोत साधनांच्या आधारे विकसित केले. येथे लिपिकांपुढे नुसती नवी प्रणाली टाकून दिलेली नव्हती. तिच्यासोबत कामाचे सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षणही आले. केरळच्या सरकारी शाळांतील यशाचे मर्मही हेच.

रायगड जिल्ह्यातील खैराट धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये मुलांना लिनक्सवर चालणारे छोटे लॅपटॉप मिळाले. त्या मुलांना विंडोजची सवयच नव्हती. त्यामुळे काही विसरण्याचा प्रश्न उद्भवला नाही. याउलट जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरवले. तांत्रिक तक्रारींइतकाच राजकीय इच्छाशक्तीचाही तेथे संबंध होता.

नवी संधी

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ‘विंडोज ११’च्या अटी अनेक जुन्या संगणकांना पूर्ण करता येत नाहीत. चालू स्थितीतील यंत्र भंगारात काढावे, की सुरक्षेचे दुरुस्ती-संच न मिळताच ते इंटरनेटला जोडून ठेवावे, असा पेच ज्या घरांत व दुकानांत पडतो, तेथे लिनक्स हा खराखुरा पर्याय ठरतो. ब्राउझर, पत्रव्यवहार, चित्रपट आणि लिब्रेऑफिस एवढ्यावर ज्याचे काम भागते, त्याला फारसे काही गमवावे लागत नाही.

बदल करण्यापूर्वी मात्र रोज लागणाऱ्या प्रोग्रॅमची यादी करावी, महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळी ठेवावी आणि पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून प्रिंटर, वाय-फाय व डिजिटल स्वाक्षरीचे टोकन तपासावे. अशा चाचणीत मूळ संगणकातील काहीही पुसावे लागत नाही. कार्यालयात दोन यंत्रे असल्यास हिशेबाचे एक तसेच ठेवून दुसऱ्यावर प्रयोग करणे शहाणपणाचे.

लिनक्स विंडोजला सरसकट हटवील, ही अपेक्षा गेल्या दोन दशकांत फोल ठरली आहे. पण सामान्य माणूस प्रणाली निवडत नाही, तो काम निवडतो. ज्या क्षेत्रात ते काम मुक्तस्रोत साधनांवर नीट होते आणि अडल्यास हाकेच्या अंतरावर माणूस सापडतो, तेथे लिनक्स निमूटपणे रुजते, हे तालुक्याच्या न्यायालयातील लिपिकाकडे पाहिले तरी लक्षात येते.