दांत काढणारा आणि दांत राखणारा

दांत काढणाऱ्याचें भय हें मनुष्याच्या फार जुन्या भयांपैकीं एक आहे, आणि तें मुळांतच खोटें होतें असें कोणीं म्हणूं नये. अठराव्या शतकांत व एकोणिसाव्याच्या पूर्वार्धांत युरोप-अमेरिकेंतील दांत काढणाऱ्यांच्या हातीं जें हत्यार सर्रास असे, तें दाराच्या किल्लीसारखें दिसे. त्याचा आंकडा दांताला अडकवावयाचा आणि कुलूप उघडावें तशी मूठ पिळावयाची, ही त्याची रीत. दांत निघे, परंतु कित्येकदां त्याच्याबरोबर जबड्याच्या हाडाचा तुकडाहि निघे. रोगी या सर्व वेळीं पूर्ण शुद्धीवर असे. ठणका असह्य होईपर्यंत लोक घरींच कण्हत बसत, यांत आश्चर्य तें कसलें?

परंतु या भयाच्या आड दुसरा एक शत्रु सुखानें लपून राहिला. दांत पडतात ते सारे किडीनेंच पडतात असें नाहीं. पुष्कळांचे दांत हिरड्यांच्या विकारानें जातात. आणि या विकाराचें लक्षण असें कीं, तो बहुधा दुखतच नाहीं. दांत घांसतांना थोडें रक्त दिसतें, श्वासाला दुर्गंधि येते, हिरडी मुळापासून सुटते, आंतील हाड झिजतें आणि शेवटीं न किडलेला दांत बोटानें हलूं लागतो. वेदनेला भिणारा मनुष्य वेदना नाहीं एवढ्यावरच निश्चिंत राहतो. खुर्चीचें भय आणि हिरड्यांचा रोग यांचा इतिहास अमेरिकेंतील एका गृहस्थाच्या आयुष्यांत विलक्षण रीतीनें एकत्र आला. त्याचें नांव जॉन रिग्ज.

कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड शहरीं १० डिसेंबर १८४४ रोजीं कोल्टन नांवाच्या व्याख्यात्यानें नायट्रस ऑक्साइड या वायूचे प्रयोग लोकांना दाखविले. हा वायु हुंगला म्हणजे मनुष्य हंसतो, बरळतो व उड्या मारतो, म्हणून ती एक करमणूकच समजली जाई. वस्तुतः या वायूनें वेदना नाहींशी होते व शस्त्रक्रियेंत त्याचा उपयोग होऊं शकेल, असें हंफ्री डेव्ही यानें १८०० सालींच लिहून ठेविलें होतें. परंतु ४४ वर्षें तें कोणीं मनावर घेतलें नाहीं. त्या दिवशींच्या सभेंत कूली नांवाचा एक तरुण वायूच्या धुंदींत बांकावर आपटला. त्याच्या पायाला जखम झाली, तरी त्याला तिची जाणीव नव्हती. प्रेक्षक हंसले, पण त्यांत बसलेला होरेस वेल्स हा दंतवैद्य हंसला नाहीं. आपल्या हातून रोज होणाऱ्या यातना त्याच्या डोळ्यांपुढें होत्या.

दुसऱ्याच दिवशीं वेल्स स्वतःच रोग्याच्या खुर्चींत बसला. कोल्टननें आणिलेला वायु त्यानें इतका हुंगला कीं, शुद्ध गेली. मनुष्य अशा अवस्थेंतून परत येईल कीं नाहीं, याची खात्री कोणालाच नव्हती. चिमटा हातीं धरून शेजारीं उभा होता तो त्याचा शिष्य व सहकारी जॉन रिग्ज. रिग्जनें दाढ काढिली; वेल्स शुद्धीवर आला आणि आपणांस कांहींच दुखलें नाहीं असें म्हणाला.

या शोधाचें श्रेय मात्र वेल्सला सुखानें लाभलें नाहीं. जानेवारी १८४५ मध्यें बोस्टन येथें त्यानें जाहीर प्रयोग केला, तेव्हां वायूची पिशवी वेळेपूर्वीं दूर झाली, रोगी ओरडला आणि जमलेल्या मंडळींनीं वेल्सची हुर्यो उडविली. पुढें १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं त्याच शहरांत मॉर्टननें ईथर वापरून यश मिळविलें. हा मॉर्टन एके काळीं वेल्सचाच शिष्य व भागीदार होता. निराश झालेल्या वेल्सनें क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर चालविले. त्यांत त्याच्या बुद्धीचा तोल सुटला आणि २४ जानेवारी १८४८ रोजीं न्यूयॉर्कच्या तुरुंगांत त्यानें आत्मघात केला. त्याचें वय अवघें ३३ वर्षांचें होतें. जगाला वेदनेपासून सोडविणाऱ्याला स्वतःच्या वेदनेंतून मात्र वाट सांपडली नाहीं.

रिग्ज मागें राहिला. ज्याच्या हातून वेल्सची दाढ वेदनेवांचून निघाली, त्यानें पुढें मन घातलें तें दांत न काढण्याच्या विद्येंत. हिरड्यांतून पू येऊन दांत हलूं लागले कीं ते उपटणें किंवा हिरडी छाटणें, हाच त्या काळीं मार्ग समजला जाई. रिग्जचें म्हणणें निराळें होतें. रोगाचें मूळ दांताच्या अंगावर, हिरडीखालीं सांचलेल्या कठीण किटांत आहे; तें बारीक हत्यारांनीं खरवडून दांत गुळगुळीत केला व तोंड स्वच्छ राखिलें, तर हिरडी आपोआप सुधारते. हें मत त्यानें १८७६ सालीं छापून प्रसिद्ध केलें. अमेरिकेंत हा विकार पुष्कळ वर्षें 'रिग्जचा रोग' या नांवानेंच ओळखला जाई. 'पायोरिया' हें नांव मागाहून रूढ झालें. स्वतः रिग्ज १८८५ सालीं वारला.

भारतीय वाचकाला या विचारांत ओळखीचा सूर लागेल. सुश्रुतसंहितेंत दंतमूलाचे १५ रोग सांगितले आहेत. त्यांतील 'दंतवेष्ट' या रोगांत पू व रक्त वाहतें आणि दांत हलूं लागतात. दांतांवर घट्ट होणाऱ्या मळाला तेथें 'शर्करा' म्हटलें असून, हिरड्यांना इजा न करितां वैद्यानें ती काढावी, अशी आज्ञा आहे.

तथापि सत्य एकदां सांगितलें म्हणजे टिकतें असें नाहीं. १९१० सालीं विल्यम हंटर या इंग्रज वैद्यानें माँट्रिअल येथील व्याख्यानांत, तोंडांतील पू हा सर्व शरीराच्या रोगांचें मूळ होय असा इशारा दिला. त्याचा असा विपरीत परिणाम झाला कीं, पुढें कित्येक वर्षें केवळ संशयावरून असंख्य दांत उपटले गेले. शेवटीं १९६५ मध्यें डेन्मार्कमधील आर्हुस येथें हाराल्ड लो व त्याच्या सहकाऱ्यांनीं निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दांत घांसणें थांबविण्यास सांगितलें. १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हां घांसणें सुरू करितांच सुमारें आठवड्यांत त्या पूर्ववत् झाल्या. एवढ्या साध्या प्रयोगानें सिद्ध झालें कीं, प्रारंभींची सूज मनुष्याच्या स्वतःच्या हातानें बरी होते. हाड एकदां झिजलें म्हणजे मात्र तें सहजासहजीं परत येत नाहीं. रोग तेथेंच थोपविणें एवढेंच बहुधा उरतें.

असें असतां रक्त दिसलें म्हणून पुष्कळ लोक दांत घांसणेंच सोडतात. कीट काढल्यानें दांत हलूं लागतात, अशीहि एक समजूत आहे. वास्तविक ते आधींच सैल झालेले असतात आणि किटाच्या भिंतीनें तें झांकलेलें असतें. महाराष्ट्रांत मशेरी लावणाऱ्या स्त्रियांना हिरड्या घट्ट झाल्यासारख्या वाटतात. परंतु तंबाखूनें रक्तवाहिन्या आकुंचित होतात, आणि रक्त येणें ही जी रोगाची एक सूचना, तीच दबून जाते.

वेल्सच्या काळीं खुर्चीला भिण्यास कारण होतें. १९४३ सालीं स्वीडनमध्यें लॉफग्रेननें लिग्नोकेन तयार केल्यापासून, सुईच्या एका टोंचणीनें जबड्याचा तेवढाच भाग बधिर करणें सुलभ झालें आहे. तरीहि भय मनांतून जात नाहीं, कारण तें बहुधा लहानपणच्या एखाद्या आठवणीशीं बांधलेलें असतें. त्याची लाज बाळगण्याचें प्रयोजन नाहीं. आपल्याला भीति वाटते हें वैद्याला आधींच सांगावें, व दुखल्यास हात वर केला कीं थांबावें असा संकेत ठरवावा. पण त्या भयाच्या सांगण्यावरून दुखेपर्यंत थांबणें, हा मात्र तोट्याचा व्यवहार होय. दुखेपर्यंत थांबणाऱ्याच्या वांट्याला चिमटा येतो. आधीं जाणाऱ्याचें काम खरवडण्यावर भागतें. जॉन रिग्जनें हीं दोन्हीं हत्यारें हातीं धरिलीं होतीं, आणि त्यांपैकीं कोणतें श्रेष्ठ, याचा निर्णय त्यानें आपल्या आयुष्यानें दिला.