78 मिनिटांची फाइल

(तारीख शुक्रवार, 19 जुलै 2024. सगळ्या वेळा भारतीय.)

पाच महिने आधी. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीनं फेब्रुवारीअखेर आपल्या ‘फाल्कन’ या संगणक-सुरक्षा प्रोग्रॅमची 7.11 ही आवृत्ती काढली. विंडोजवर त्याचा एक भाग ड्रायव्हर म्हणून चालतो. ड्रायव्हर म्हटला की आपल्याला प्रिंटर किंवा साउंड कार्ड आठवतं. डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, राइट क्लिक करायचं, ‘डिसेबल’ म्हणायचं. फाल्कनचा ड्रायव्हर कुठलंच यंत्र चालवत नाही. तो विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसून पहारा देतो. पहारेकऱ्याला बंद करणं सोपं असेल तर चोर आधी तेच करणार, म्हणून डेस्कटॉप दिसायच्या कितीतरी आधी तो चालू झालेला असतो.

नव्या आवृत्तीतल्या तपासणीच्या एका साच्यात 21 रकाने होते, आणि कोड माहिती पुरवत होता 20 रकान्यांचीच. अशा साच्यांवर बेतलेल्या माहितीच्या फाइली, म्हणजे ‘चॅनल फाइल’, कंपनी संगणकांवर धाडते. सुरुवातीच्या फाइलींत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असायची, त्यामुळे तिकडे बघायची वेळ कधी आलीच नाही. मार्च-एप्रिलमध्ये या साच्यावरच्या फाइली जगभर गेल्या आणि सगळं सुरळीत चाललं. घात झाला तो या सुरळीतपणानंच, असं मला वाटतं.

पहाटे 3:26. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा मध्य अमेरिकेतला विभाग ढेपाळला. पुढच्या घटनेशी याचा संबंध नाही. पण दिवसभर लोक दोन्हींची गल्लत करत राहिले.

सकाळी 9:39. चॅनल फाइल 291 ची नवी प्रत सुटली. तिच्या नावाच्या शेवटी ड्रायव्हरसारखंच ‘.sys’ आहे, पण ती ड्रायव्हर नव्हे. ड्रायव्हरनं वाचायची ती निव्वळ माहिती. फाइल तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येच दोष होता, त्यानं तिला पास केलं. आधी थोड्या संगणकांवर सोडून बघण्याची पद्धत अशा फाइलींसाठी नव्हतीच. या वेळी एकविसावा रकाना खरोखर वाचायचा होता. ड्रायव्हर तिथे गेला आणि आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचू लागला. साध्या प्रोग्रॅमनं असं केलं तर तेवढा प्रोग्रॅम बंद पडतो. कर्नलमध्ये असं झालं की विंडोज अख्खा संगणकच थांबवते.

स्क्रीन निळी. रीस्टार्ट. ड्रायव्हर पुन्हा चालू, फाइल पुन्हा वाचली, पुन्हा निळी. सिडनीत तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते, कचेऱ्या भरलेल्या होत्या.

सकाळी 10:57. कंपनीनं फाइल मागे घेतली. 78 मिनिटं झाली होती. या वेळात जे संगणक बंद होते ते वाचले. मॅक आणि लिनक्सवाल्यांना काही झालंच नाही. अडकलेल्यांना मात्र दुरुस्त फाइल मिळण्याइतकी उसंतच नव्हती, त्याआधीच ते पुन्हा कोसळत. अझूरवरच्या आभासी संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टनं सुचवलेला उपाय होता पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करण्याचा. काहींना पंधरा वेळा करावं लागलं.

दुपार. लंडनमध्ये स्काय न्यूजचं प्रक्षेपण थांबलं होतं. इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडेनात. अमेरिकेत विमानं जमिनीवरच राहिली. भारतात विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. बँकांवर मात्र फारसा परिणाम झाला नाही. रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्यानुसार दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला.

दुपारी सव्वातीनच्या सुमारास. क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी जाहीर केलं की हा सायबर हल्ला नाही. 2010 साली मॅकॅफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीची महत्त्वाची फाइल व्हायरस समजून बाजूला काढली होती आणि असेच संगणक बंद पाडले होते. तेव्हा मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी हेच कर्ट्झ होते.

संध्याकाळ, आणि पुढचे कित्येक दिवस. उपाय दोन-चार मिनिटांचा होता. सेफ मोडमध्ये विंडोज मोजकेच ड्रायव्हर चालू करते, फाल्कनचा त्यात नसतो. तिथे जायचं, 291 ची फाइल पुसायची, रीस्टार्ट करायचं. पण फाइल एका जागेवरून लाखो संगणकांवर धाडता आली, आणि पुसायला मात्र बहुतेक ठिकाणी संगणकासमोर माणूस लागला. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी 48 आकडी किल्ली टाइप करायची. काही ठिकाणी या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तोच निळा होऊन पडलेला.

मायक्रोसॉफ्टचा अंदाज 85 लाख संगणकांचा, म्हणजे विंडोजच्या एकूण संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी. एकट्या डेल्टा एअरलाइन्सची पाच दिवसांत सुमारे 7,000 उड्डाणं रद्द झाली. 29 जुलैला क्राउडस्ट्राइकनं सांगितलं, 99 टक्के संगणक परतले.

पुढे मायक्रोसॉफ्टनं ‘क्विक मशीन रिकव्हरी’ आणली. सुरूच न होणाऱ्या संगणकाला यातून लांबूनच दुरुस्ती पाठवता येते. विंडोजच्या होम आवृत्तीत ती आपसूक चालू आली. कंपन्यांच्या आवृत्त्यांत सुरुवातीला ती बंदच होती, चालू करायचं काम त्यांच्या आयटी विभागाकडे ठेवलं गेलं.