वाघबीळ, गायमुख, घोडबंदर : एका मार्गावरील तीन प्राणिवाचक स्थलनामे

१

उल्हास नदीचे पात्र खाडीचे रूप घेऊन पश्चिमेस वसईच्या समुद्राकडे जाते, त्या खाडीच्या दक्षिण काठावर, साष्टी बेटाच्या उत्तर टोकाशी घोडबंदर हे गाव वसले आहे. इ. स. २००२ साली स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आज त्याचा समावेश होतो. या गावावरून नाव पडलेला रस्ता पूर्वेकडे ठाण्यास जातो. ठाण्याहून निघालेल्या प्रवाशास या मार्गावर प्रथम वाघबीळ लागते, पुढे गायमुख आणि अखेरीस घोडबंदर. एका बाजूस डोंगर व अरण्य, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत वाघ, गाय व घोडा अशी तीन जनावरांची नावे धारण करणारी तीन स्थळे, असा हा योग आहे. दिवसभराच्या सहज फेरीत ही तिन्ही स्थळे पाहून होतात.

स्थानिक आख्यायिकेस या नावांचा अर्थ अगदी सरळ वाटतो. वाघ राहत होता म्हणून वाघबीळ, पाण्याला गाईचे मुख म्हणून गायमुख, आणि पोर्तुगीज लोक अरबांकडून येथे घोडे घेत असत म्हणून घोडबंदर. लोकव्युत्पत्ती म्हणून अशा स्पष्टीकरणांची उपेक्षा करण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. उलट हौशी इतिहासलेखनात तीच प्रमाण मानली जातात. दोन्ही मार्ग सोयीचे, परंतु अपुरे आहेत. या तीन नावांत प्राणी एकाच नात्याने आलेला नाही. पहिल्या नावात तो प्रत्यक्ष वन्य पशू आहे, दुसऱ्यात ती एक प्रतिमा आहे, आणि तिसऱ्यात तो जहाजातून उतरणारा माल आहे. हा भेद लक्षात घेतला, तर आख्यायिकेतील कोणता अंश टिकतो व कोणता गळतो, हे ठरविता येते.

२

‘वाघबीळ’ या सामासिक नावाचे दोन्ही घटक परिचित आहेत. संस्कृत ‘व्याघ्र’, प्राकृत ‘वग्घ’, मराठी ‘वाघ’ ही परंपरा निर्विवाद होय; ‘बीळ’ हे संस्कृत ‘बिल’ या शब्दाचे रूप. शिष्ट मराठीत बीळ उंदराचे, सापाचे किंवा खेकड्याचे असते; वाघाची गुहा असते किंवा जाळी असते. तथापि पन्हाळ्याच्या पायथ्याजवळ, कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावरही वाघबीळ याच नावाचे स्थळ आहे. इतक्या दूरच्या दोन प्रदेशांत तोच समास आढळतो, यावरून डोंगरपायथ्याच्या ग्रामीण बोलीत ‘बीळ’ या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक होता, असे मानणे युक्त ठरते.

‘वाघ’ शब्दाचीही व्याप्ती ध्यानात घ्यावयास हवी. मराठी बोलणारा ग्रामस्थ पट्टेरी वाघ किंवा ढाण्या वाघ म्हणतो, तसाच बिबळ्या वाघही म्हणतो. ‘वाघ’ हे त्याच्या दृष्टीने जातिनाम असून विशेषणाने उपजाती दाखविली जाते. साष्टीच्या डोंगरांत पट्टेरी वाघाची वस्ती आता नाही. बिबळ्या मात्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात व त्याच्या सभोवार आजही नांदतो. या उद्यानाचा नागला नावाचा उत्तरेकडील खंड आणि मुख्य अरण्य यांच्यामधूनच घोडबंदरचा रस्ता जातो. म्हणजे प्राणिशास्त्राच्या दृष्टीने एक प्राणी गेला आणि दुसरा उरला; भाषेच्या दृष्टीने वाघ गेलेलाच नाही.

लोकधर्मातही हीच अखंडता दिसते. वारली, महादेव कोळी इत्यादी समाजांत वाघोबा हे पूज्य दैवत आहे. इ. स. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका क्षेत्राभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील वाघोबाच्या सुमारे दीडशे ठाण्यांची नोंद झाली आहे. लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर कोरलेला, शेंदूर माखलेला हा देव पट्टेरी वाघाचा की बिबळ्याचा, हा प्रश्न भक्तांस पडत नाही. वाघबीळ हे नाव ज्या लोकव्यवहारातून निघाले, तो या अर्थाने अद्याप जिवंत आहे.

३

अश्विन वद्य द्वादशीस गावोगाव वसुबारस म्हणून सवत्स धेनूची पूजा होते. अकोले, जुन्नर यांसारख्या डोंगराळ भागांतील महादेव कोळी त्याच तिथीस वाघबारस पाळतात, आणि गुराढोरांना वाघाने उपद्रव देऊ नये म्हणून वाघोबाला नैवेद्य दाखवितात. एकाच तिथीच्या दोन नावांत गाय व वाघ यांची अशी जोडी आढळते. ठाणे-घोडबंदर मार्गावर ती जोडी स्थलनामांच्या रूपाने पाहावयास मिळते.

पण ‘गायमुख’ हे नाव गाईच्या वस्तीवरून पडलेले नाही. कुंडात किंवा टाक्यात पाणी पडण्यासाठी गाईच्या तोंडाच्या आकाराचा दगड बसविण्याची पद्धत देशभर रूढ आहे. गंगेच्या उगमस्थानास ‘गोमुख’ म्हणतात, आणि दुर्गरचनेतही वळणदार, आकुंचित प्रवेशमार्गास ‘गोमुखी’ अशी संज्ञा आहे. ‘गोमुख’ हा तत्सम शब्द शास्त्रकारांचा व शिल्पकारांचा. ‘गायमुख’ हे त्याचे अर्धे तद्भव रूप लोकांच्या मुखातले. पूर्वपद बोलीतील, उत्तरपद संस्कृत, अशा या मिश्र समासावरून संस्कृत संज्ञा लोकांनी आपलीशी करून घेतली, असे अनुमान निघते. येथे गाय हा पशू नसून आकार आहे आणि पावित्र्याची खूण आहे.

४

तिसरे नाव इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि घोटाळाही त्याच्याच बाबतीत अधिक झाला आहे.

इ. स. १५० च्या सुमारास टॉलेमीने आपल्या भूगोलात पश्चिम किनाऱ्यावरील ‘हिप्पोकूरा’ या स्थळाचा निर्देश केला आहे. ग्रीक भाषेत ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा. या आधारावर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हिप्पोकूरा म्हणजे घोडबंदर, असे समीकरण सुचविले. ग्रीक नाव हे देशी नावाचे पूर्ण किंवा अंशतः भाषांतर असावे, ही त्यामागील कल्पना. टॉलेमीने दिलेल्या स्थाननिर्देशाशी मात्र घोडबंदर जुळत नाही. म्हणून कॅम्बेल यांनी त्याऐवजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, घोरेगावचे नाव पुढे केले. तेथेही आधार घोड्याचाच होता.

या समीकरणाविरुद्ध भौगोलिक आक्षेपाहून अधिक बळकट असा भाषिक आक्षेप आहे. घोडबंदर या नावाचे उत्तरपद ‘बंदर’ हे फारसी आहे. फारसी शब्द मराठीच्या नित्य व्यवहारात शिरले ते मुसलमानी राजवटींच्या काळात. त्यापूर्वी बंदरासाठी रूढ असलेला संस्कृत शब्द ‘वेलाकूल’ हा होय; सौराष्ट्रातील वेरावळ हे नाव त्याचेच परिणत रूप आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अनंतदेव याच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक व चेमुली ही चार बंदरे नावांनिशी दिली आहेत. त्यांत ठाणे आहे, सोपारा आहे, चौल आहे. घोड्याच्या नावाचे एकही बंदर नाही. सारांश, आजच्या रूपातील घोडबंदर हे नाव टॉलेमीच्या काळचे असणे शक्य नाही.

हिप्पोकूरामधील घोड्याविषयी आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. टॉलेमी त्याच नावाचे दुसरे, अंतर्भागातील नगरही सांगतो आणि ते ‘बलेओकूरोस’ राजाची राजधानी होती असे लिहितो. कोल्हापूरच्या परिसरात सापडलेल्या नाण्यांवरील ‘विळिवायकुर’ हाच तो राजा, असे रा. गो. भांडारकर यांनी दाखविले. राजनाम व नगरनाम या दोहोंत ‘कुर’ हा अंश समान आहे आणि तो ग्रीक नसून देशी आहे. नावाचा उत्तरार्ध जर केवळ ऐकून लिहिलेला असेल, तर पूर्वार्धही भाषांतर नसून ग्रीक कानाने आपल्या ओळखीच्या शब्दात बसविलेला देशी ध्वनी असण्याचा संभव राहतो. म्हणजे लोकव्युत्पत्ती केवळ खेडुतच करतात असे नव्हे; अलेक्झांड्रियाचा भूगोलकारही ती करू शकतो.

५

नावाची वरची मर्यादा ‘बंदर’ या पदाने ठरली. खालची मर्यादा ठरविण्यास जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याचे प्रवासवर्णन उपयोगी पडते. इ. स. १६७५ च्या सुमारास साष्टीत फिरताना त्याने ‘ग्रेबोंडेल’ नावाच्या नीटनेटक्या गावाचे वर्णन केले आहे. माथ्यावर एका श्रीमंत पोर्तुगीज सरदाराचा वाडा, किल्ला व चर्च होते, असे तो सांगतो. हे ग्रेबोंडेल म्हणजे घोडबंदरच. प्रथमदर्शनी दोन्ही रूपे दूरची वाटतात. ध्वनिविचाराने ती जवळ येतात. स्वरानंतरचा मराठी ‘ड’ हा जिभेचे टोक वळवून, झटक्याने उच्चारला जातो आणि युरोपीय कानाला तो ‘र’ सारखा ऐकू येतो. महाप्राण ‘घ’चा ‘ग’ होणे स्वाभाविकच. अशा रीतीने नावात दोन ‘र’ आले, आणि दोहोंपैकी एकाचा ‘ल’ झाला. असे विषमीभवन पोर्तुगीज भाषेत सर्रास आढळते. म्हणून फ्रायरने हे नाव पोर्तुगीज मुखातून ऐकले, आणि त्याच्या मुळाशी आजचेच मराठी रूप होते, असा निष्कर्ष निघतो.

‘घोड’ या पूर्वपदाचे दोन अर्थ संभवतात. संस्कृत ‘घोटक’पासून आलेला ‘घोडा’ समासात ‘घोड’ होतो. जसे घोडदळ, घोडदौड. परंतु घोडचूक, घोडनवरी या शब्दांत जनावराचा संबंध नसून थोराडपणाचा आहे. त्या न्यायाने घोडबंदर म्हणजे ‘मोठे बंदर’ असाही अर्थ व्याकरणाला मान्य होईल. तरी तो स्वीकारणे कठीण आहे. थोराडपणाच्या अर्थी ‘घोड’ हे पद नेहमी उपहासाने येते, आणि ठाणे व वसई ही मोठी बंदरे दोन्ही हातांशी असताना मधल्या धक्क्याला मोठेपणाचे नाव पडण्याचे कारण दिसत नाही. घोडा हाच अर्थ राहतो.

६

मग हे घोडे कोणाचे? पोर्तुगिजांचे, हे आख्यायिकेचे उत्तर तपासून पाहिले पाहिजे. इ. स. १५१० साली गोवा जिंकल्यावर घोड्यांच्या आयातीचा व्यापार गोव्याच्या बंदरात केंद्रित करणे, हे पोर्तुगीज धोरणाचे प्रमुख सूत्र होते. अरबस्तान व होर्मुझहून येणाऱ्या घोड्यांवरील जकात हे गोव्याचे मोठे उत्पन्न होते. इ. स. १५३४ मध्ये वसईचा प्रदेश त्यांच्या हाती आला, तेव्हा हे धोरण स्थिरावले होते. आपल्याच मक्त्याला छेद देऊन त्यांनी साष्टीच्या खाडीत घोड्यांची पेठ वसविली, हे सयुक्तिक वाटत नाही.

याउलट, तत्पूर्वीचा एक पुरावा ठाण्याचा व घोड्यांचा संबंध स्पष्टपणे जोडतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी अशी हकीकत सांगितली आहे की, तेथील चाचे राजाच्या संमतीने जहाजे लुटत, आणि लुटीपैकी सर्व घोडे राजाला देऊन उरलेला माल स्वतःकडे ठेवीत. राजाजवळ घोडे नव्हते, आणि हिंदुस्थानात येणाऱ्या जहाजांत घोडे पुष्कळ असत, हे त्याने दिलेले कारण आहे. भातशेती व खाजण यांच्या या प्रदेशात घोडा हा दुर्मीळ व मोलाचा प्राणी होता. स्थलनाम नित्याच्या वस्तूवरून क्वचितच पडते. भात, मीठ, लाकूड ज्या धक्क्यावर रोज चढते-उतरते, त्याला त्यांचे नाव मिळत नाही. जेथे घोडा उतरतो, तो धक्का लोकांच्या ध्यानात राहतो. त्यासाठी मोठी पेठ असावी लागत नाही.

म्हणून तेराव्या शतकापासून पोर्तुगीज अंमलाच्या आरंभापर्यंतचा, फारसी ही राज्यकारभाराची भाषा म्हणून या किनाऱ्यावर परिचित होत गेली तो काळ या नावाच्या जन्मास सर्वाधिक अनुकूल ठरतो. आख्यायिकेतील घोडा खरा. त्याचा धनी मात्र मागाहून बदलला. किल्ला पोर्तुगीज, म्हणून घोडेही पोर्तुगीज, असा लोकस्मृतीने मेळ घातला. चिमाजी अप्पाच्या मोहिमेत इ. स. १७३७ साली हा किल्ला मराठ्यांनी घेतला आणि इ. स. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांकडे गेली, तरी नाव कायम राहिले. डोळ्यांपुढे उभी असलेली वास्तू आपल्याहून जुन्या नावालाही आपल्या काळात ओढून घेते, असा या उदाहरणाचा बोध आहे.

७

परभाषिक निरीक्षकाच्या हातून प्राणी कसा बदलतो, याचे एक मनोरंजक उदाहरण याच प्रदेशाचे आहे. इ. स. १३२१ च्या सुमारास ठाण्यास आलेला ओदोरिक हा फ्रान्सिस्कन साधू येथे काळे सिंह, कबुतरांएवढी वाघळे आणि कुत्र्यांएवढे उंदीर असल्याचे सांगतो. उंदीर इतके मोठे की मांजरांचा उपयोग होत नाही, ते कुत्र्यांकडून मारवावे लागतात, असेही तो नमूद करतो. हे वर्णन काल्पनिक म्हणून हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. कोकणातील कोणत्याही गृहिणीस त्या उंदरात घूस ओळखता येईल, आणि फळे खाणारी मोठी वटवाघळे आजही झाडांवर लोंबताना दिसतात. काळा सिंह म्हणजे बहुधा काळा बिबळ्या. ओदोरिकजवळ शब्द नव्हते; डोळे होते. टॉलेमीचा हिप्पोकूरा, फ्रायरचे ग्रेबोंडेल आणि ओदोरिकचा काळा सिंह ही एकाच जातीची साधने आहेत. त्यांतील मजकूर इतिहासासाठी वापरण्यापूर्वी तो कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत आला, हे पाहणे अवश्य असते.

८

घोडबंदर हे नाव आज गावापेक्षा रस्त्याचे म्हणून अधिक प्रसिद्ध आहे. ठाण्याच्या बाजूस मैलोगणती पसरलेल्या नव्या वसाहतींचा पत्ता ‘घोडबंदर रस्ता’ असा सांगितला जातो, आणि मूळ गाव दुसऱ्या महानगरपालिकेत राहते. इंग्रजी लेखनातून वाचलेली ही नावे मराठी येणारेही नव्या उच्चाराने बोलू लागले आहेत. वरील विवेचनात निर्णायक ठरलेले पुरावे मात्र बव्हंशी उच्चाराचे आहेत : ‘ड’चे वळण, ‘गाय’ व ‘गो’ यांतील भेद, ‘वाघ’ शब्दाची व्याप्ती. हे उच्चार खाडीकाठच्या आगरी, कोळी व वारली वृद्धांच्या मुखात अद्याप आहेत. कागदपत्रे दफ्तरखान्यात वाट पाहू शकतात; बोलणारी माणसे तशी थांबत नाहीत. म्हणून साष्टीतील स्थलनामांची उच्चारासह, पाड्यापाड्यांवरून नोंद करणे, हे पदव्युत्तर संशोधकांनी प्रथम हाती घ्यावयाचे काम आहे. त्याचा आरंभ वाघबीळ ते घोडबंदर या एका दिवसाच्या वाटेवरूनही करता येईल.