पेशी डीएनए दुरुस्त करतात, मग खर्ऱ्याने कॅन्सर का होतो?

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही असो की शेजारचा गडचिरोली जिल्हा, पानठेल्यावर खर्रा घोटण्याचे दृश्य नवीन नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटला की खर्रा तयार. “इतकी वर्षे खातो, मला कुठे काय झालं?” असे म्हणणारेही गावोगावी भेटतात. त्यांना काही का झाले नाही आणि दुसऱ्याला कॅन्सर का झाला, याचे बरेचसे उत्तर पेशींच्या दुरुस्ती यंत्रणेत आहे.

डीएनए रोजच बिघडतो

डीएनए म्हणजे पेशीने कसे काम करायचे याची चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली सूचना. आपल्या बहुतेक पेशींत या सूचनेचे दोन संच असतात आणि प्रत्येक संचात सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या. काहीही व्यसन नसले तरी पेशीतील पाणी आणि ऑक्सिजनमुळे एका पेशीत दिवसाला हजारो ठिकाणी बिघाड होतो. धानाच्या बांधीत राबणाऱ्याच्या त्वचेत उन्हातील अतिनील किरणांची भर पडते.

दुरुस्ती कशी होते?

डीएनएला दोन धागे असतात. एक बिघडला तर दुसरा पाहून तो पुन्हा लिहिता येतो.

• एखादे अक्षर बिघडले तर तेवढेच कापून योग्य अक्षर बसवले जाते.
• ऊन किंवा रसायनांमुळे धाग्यावर मोठी गाठ पडली तर तो तुकडाच कापून नवा विणला जातो.
• पेशी विभागताना नक्कल चुकली तर ती तपासून सुधारली जाते.
• दोन्ही धागे तुटले तर डीएनएची दुसरी प्रत पाहून ते जोडता येतात. या कामात बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके लागतात. त्यांत जन्मतः दोष असल्यास स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

यातील पहिल्या तीन पद्धती उलगडल्याबद्दल टोमास लिंडाल, अझीझ सँकार आणि पॉल मॉड्रिच यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दुरुस्ती अशक्य असेल तर पी-५३ नावाचे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते किंवा पेशीला मरायला लावते.

खर्रा काय करतो?

तंबाखूतील नायट्रोसामाइन ही रसायने डीएनएच्या अक्षरांना चिकटतात. सुपारीतूनही अशी घातक द्रव्ये तयार होतात आणि चुन्यामुळे त्रास वाढतो. म्हणून तंबाखू नसलेली सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दोन्हींना कॅन्सरकारक ठरवले आहे.

खर्रा तासन्‌तास गालात राहतो. तिथली त्वचा सोलवटते, ती भरून काढायला पेशी भराभर विभागतात आणि दुरुस्तीला वेळ उरत नाही. दुरुस्तीआधीच नक्कल झाली की चूक कायमची होते. अशी चूक पी-५३ च्या जनुकातच झाली तर पहारेकरीच जातो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये या जनुकातील बिघाड वारंवार आढळतो.

चूक नेमकी कुठे होईल हा योगायोग असतो आणि दुरुस्तीची क्षमताही माणसागणिक वेगळी असते. त्यामुळे एखादा वाचतो. पण रोजचा प्रत्येक खर्रा म्हणजे नव्या चुकांना दिलेली नवी संधी.

सोडल्याने फायदा होतो का?

होतो. नवा मारा थांबतो, दुरुस्तीला उसंत मिळते आणि धोका काही वर्षांत हळूहळू कमी होतो. मात्र कायम झालेल्या चुका पुसल्या जात नाहीत. म्हणून खर्रा सोडल्यावरही तोंड तपासून घ्यावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणे, तिखट झोंबणे यांपैकी काही दिसल्यास लगेच दातांच्या डॉक्टरांकडे किंवा सरकारी दवाखान्यात जावे.

गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे दारू आणि तंबाखूमुक्तीचे अभियान सुरू आहे. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर मोफत सल्ला मिळतो.