स्मरणाच्या दोन वाटा : भंडारा आणि पंजाब

महानुभावांच्या पोथ्या संग्रहीं बाळगणाऱ्यांस वैनगंगेकांठचें भंडारा हें गांव एका नांवामुळें परिचित आहे. लीळाचरित्राच्या 'एकांक' भागांत येणारा नीळभट्ट भांडारेकार येथील. श्रीचक्रधर एकाकी संचार करीत असतां त्यांची भेट झाली, आणि हा गृहस्थ घरदार टाकून त्यांच्या मागें निघाला. अखंड ईश्वरस्मरणानें चित्तास स्वास्थ्य लाभतें, हा विचार पुढें शीख पंथाचा प्राणच होऊन बसला. त्याचा महाराष्ट्राशीं असलेला संबंध पाहतांना आम्ही मुद्दाम ह्या नीळभट्टापासून आरंभ करितों. कारण, महाराष्ट्रांतून पंजाबांत स्मरणाच्या दोन वाटा गेल्या, आणि त्या एकच समजण्याची चूक सहज होण्याजोगी आहे.

पहिली वाट महानुभावांची. त्यांच्या आचारांत नाम, लीळा, मूर्ति आणि चेष्टा असें चतुर्विध स्मरण सांगितलें आहे. श्रीचक्रधर निघून गेल्यावर ऋद्धपुरीं नागदेवाचार्य त्यांच्या लीळा आठवीत बसत. तें पाहून म्हाइंभटांनीं त्या लिहून घेण्याचें मनावर घेतलें. मराठींतील आद्य चरित्रग्रंथ असा स्मरणाच्या पोटीं जन्मास आला, ही गोष्ट पोथ्यांच्या संग्राहकांनीं तरी विसरूं नये. पण हें स्मरण अमुक गांवीं बसलेल्या, अमुक बोललेल्या पुरुषाचें आहे. म्हणूनच स्थानपोथीसारखा ग्रंथ पंथास आवश्यक वाटला. शिवाय, तें संन्यस्ताचें आहे. भांडारेकारास त्यासाठीं भंडारा सोडावें लागलें.

दुसरी वाट नामदेवांची. गुरु अर्जुनदेवांनीं १६०४ सालीं सिद्ध केलेल्या आदिग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. त्यांतील रामकली रागांतलें एक पद ह्या विषयाचें मर्मच होय. पतंग उडविणारा मुलगा सोबत्यांशीं बोलतो, पण त्याचें चित्त दोरींत असतें; पाणी आणणाऱ्या स्त्रिया हंसतात, बोलतात, पण ध्यान डोईवरच्या घागरीकडे; गाय कोसांवर चरते, लक्ष वासरांत; आई घरकामांत, जीव पाळण्यांत. त्याच ग्रंथांत कबीरांच्या नांवावरील दोन श्लोकांत त्रिलोचन नामदेवांस विचारतात कीं, कापडावर छपाई करीत काय बसलांत, रामाकडे चित्त कां लावीत नाहीं? उत्तराचा भाव असा कीं, हातापायांनीं काम करावें, मुखानें नाम घ्यावें, आणि चित्त निरंजनाच्या ठायीं ठेवावें. येथें कोणास गांव सोडावें लागत नाहीं. गुरु अर्जुनदेवांच्या 'सुखमनी'च्या २४ अष्टपद्यांचा आरंभ ह्याच सिमरनानें होतो. 'सिमरन' म्हणजे आपलें 'स्मरण'च. आणि 'सुखमनी' ह्या नांवाचा अर्थ कोणी सुखाचा मणि, तर कोणी मनाचें सुख असा करितात. आम्हांस दुसरा अर्थ प्रकरणास अधिक धरून दिसतो.

आदिग्रंथांतील नामदेव ते पंढरीचेच काय, हा वाद जुना आहे. 'आनीले', 'भराईले' अशीं क्रियापदें मराठीपणाचा पुरावा म्हणून पुढें केलीं जातात. परंतु '-इल'युक्त भूतकाळ पूर्वेकडील बोलींतही असल्यामुळें एवढ्यावरच निकाल देणें आम्हांस धाडसाचें वाटतें. ह्याहून 'बीठल' हें नांव बोलकें आहे. निराकार अकालपुरुषाची उपासना सांगणाऱ्या ग्रंथांत पंढरीच्या देवाचें नांव राहिलें, तें कवीच्या मूळ वाणीबरोबर आलें म्हणूनच, असें आमचें मत आहे. गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें नामदेवांचें स्थान आजही मानलें जातें. २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलन तेथें भरलें, तें ह्याच नात्यानें. उलट दिशेचा ऋणानुबंधही आहे. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं गोदातीरीं नांदेड येथें देह ठेविला व ग्रंथासच गुरुपद दिलें.

महानुभावांची वाटही पंजाबांत पोंचली होती. तेथें त्यांस 'जयकृष्णी' म्हणतात. परंतु दोहोंच्या पोथ्यांची गति किती निराळी! महानुभावांनीं भाषा मराठीच ठेविली, पण ती सकळ लिपींत झांकून. परकीयास अक्षरही लागूं नये. नामदेवांची वाणी गुरमुखींत गेली, तिची भाषा मिसळली, पण ती रोज उघड्यावर गाइली गेली.

भंडारा, पवनी ह्या बाजूच्या जुन्या घरांतून नामदेवांच्या पदांचीं बाडें ज्यांच्या हातीं येतील, त्यांनीं पतंग, घागर आणि पाळणा ह्या दृष्टांतांचा एखादा मराठी अभंग आढळल्यास बाडाचा लेखनशक व लेखकाचें नांव यांसह त्याची नक्कल करून घ्यावी. गुरमुखी पाठाशीं ताडून पाहण्यास तिचा फार उपयोग होईल.